डोंगराआडची रेंज

तिला सगळे रेंजताई म्हणत. वीज कंपनीच्या ज्या माणसांना टेबल-खुर्ची नसते, ज्यांचं ऑफिस म्हणजे आज हा डोंगर आणि उद्या तो ओढा, त्यांच्या फोनला इंटरनेट मिळवून द्यायचं, हे तिचं काम. जिथे फोन मुका होतो तिथे तिला पाठवायचं, असा रिवाजच पडला होता. जीपच्या टपावर आकाशाकडे तोंड करून बसणारी पांढरी ताटली, एक घडीचा खांब, खांबाच्या टोकाला लावायची वहीएवढी डबी आणि वायरींची वेटोळी, एवढ्या सामानावर तिचा संसार चालायचा.

"यात जादू काही नाही," नव्या माणसांना ती सांगायची. "रेंज म्हणजे उजेड समजा. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली. उजेड हवा असेल तर दिवा डोंगरावर नेऊन ठेवायचा. संपलं."

तिच्या सख्ख्या भावाला मात्र हे पटलेलं नव्हतं. दादा लाइनमनच्या गँगचा फोरमन. उंच टॉवरवर चढून तारा आणि इन्सुलेटर दुरुस्त करण्यात केस पांढरे झालेले. बहिणीच्या सामानाला तो सरळ 'डबडं' म्हणायचा. पण गेल्या वर्षी एका दरीत काम चालू असताना फोन लागत नव्हता, म्हणून परमिटचा निरोप माणसाकरवी आला. परमिट म्हणजे 'लाइन बंद आहे, चढा' ही कंट्रोल रूमची परवानगी. निरोप आणणाऱ्याच्या तोंडी 'बंद करतो'चं 'बंद केली' झालं आणि एकाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्यानंतर नियम निघाला: परमिट फोरमनने स्वतःच्या कानाने ऐकायचं, नाहीतर कोणी चढायचं नाही. तेव्हापासून दादा डबड्याला डबडंच म्हणत होता, पण ते आल्याशिवाय टॉवरला हात लावत नव्हता.

या वेळचं काम डोंगराच्या मागच्या दरीत होतं. लाइन नवी असताना परमिटच्या घोळात तिथे एक लाइनमन टॉवरवरच दगावला होता, असं जुने लोक सांगत. वादळात टॉवरवरच्या इन्सुलेटरच्या, म्हणजे तार टांगायच्या चिनीमातीच्या, चकत्या तडकल्या होत्या. लाइन चालू होती, पण कधी दगा देईल सांगता येत नव्हतं, आणि शहराचं दवाखान्यापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं त्या लाइनवर होतं. आदल्या संध्याकाळी रेंजताईने गँगच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड घालून दिला. डोंगराच्या पलीकडे पोचवायचं म्हणून नाव ठेवलं 'पलीकडे'. खिंडीतून डबी चालू केली की खाली दरीत फोन आपोआप जोडले जातील, अशी योजना.

गँग पहाटेच ट्रकने लांबच्या रस्त्याने दरीत उतरली. रेंजताई ड्रायव्हरकाकांबरोबर जीपने खिंडीकडे निघाली. निघताना वहिनीने दारातून सांगितलं होतं, "रेंज आली की त्यांना म्हणावं, एक फोन करा घरी. कामावर गेले की मेले विसरतातच."

खिंडीत धुकं होतं. दाट नव्हे, पण ओलं. गवताची पाती वाकलेली, जीपच्या काचेवर बारीक घाम. खाली दरीत टॉवरची फक्त डोकी दिसत होती, ढगात उभी असल्यासारखी.

पहिलंच विघ्न ताटलीचं. खाचखळग्यांच्या रस्त्यात तिची बैठक वाकली होती, त्यामुळे ती आकाशाकडे वळेचना. रेंजताई टपावर चढून पाना फिरवत बसली. काका खालून सल्ले देत होते, आणि सल्ल्यांच्या मध्ये स्वतःच्या तरुणपणच्या गोष्टी सांगत होते.

"काका, तुम्ही बोलता की पाना घसरतो," ती म्हणाली.

"मग गप्प बसतो. पण गप्प बसलो की मला झोप येते."

ऊन वर आलं तरी बैठक सरळ होईना. खाली दादा हातावर हात धरून बसला असेल, तोंडाने आपला उद्धार चालू असेल, या विचाराने ती पाना आणखी जोरात फिरवू लागली. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

दादाने फोटो पाठवला होता. टॉवरच्या माथ्यावरून काढलेला: खाली धुकं, समोर तार, तारेवर ठेवलेला त्याचा हातमोजा. फोटोखाली लिहिलं होतं, 'रेंज झकास. काम सुरू. आज मानलं तुला.'

तिला आधी नुसतं बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा दादाने मानलं होतं. मग ती टपावरून खाली उतरली आणि जीपचं मागचं दार उघडलं. डबी आपल्या पेटीत होती. पेटीला कडी होती. बॅटरी निराळ्या पिशवीत, तिच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपणंसुद्धा काढलेली नव्हती.

तिच्या फोनवर 'पलीकडे' दिसत होतं. रेंज पूर्ण.

"काका, तुम्ही पेटीला हात लावला होता?"

"मी? मला त्या पेटीची भीती वाटते," काका म्हणाले. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग पेटीकडे. "आडातच नाही तर पोहऱ्यात आलं कुठून?"

एखाद्या मोबाइल कंपनीची लांबची रेंज डोंगरावर आपटून आली असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण कंपनीच्या रेंजला तिने ठेवलेलं नाव कसं असेल? आणि तिचा पासवर्ड? तिने रेंज मोजायचं यंत्र काढलं आणि हळूहळू स्वतःभोवती फिरली. आकाशाकडे धरलं तर काटा मरगळलेला. शहराच्या दिशेने धरलं तरी तेच. दरीकडे, खाली, जमिनीकडे धरलं की काटा टोकाला जाऊन टेकायचा. दिवा खाली होता आणि उजेड वर येत होता.

तिने दादाला फोन लावला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला. वाऱ्याचा घोंगाट, लोखंडावर पान्याची टणटण, आणि त्यातून दादाचा खुशीतला आवाज.

"बोल पटकन. वर आहे मी."

"दादा, परमिट कोणी दिलं?"

"कोणी म्हणजे? कंट्रोल रूमने. आम्ही ट्रकमधून उतरून चहा घेतोय तोवर फोन आला. नवा कोणीतरी दिसतोय. फार नीट बोलतो, एकेक गोष्ट दोनदा सांगतो. असा माणूस हवा. ठेव आता."

त्याने फोन ठेवला. तिला हायसं वाटलं. परमिट मिळालं होतं, काम चालू होतं, भाऊ खुशीत होता. रेंज कुठून आली ते सावकाश शोधता येईल. तरी ती पुन्हा टपावर चढली, कारण आपलं यंत्र बंद ठेवून खाली बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. बैठक एकदाची सरळ झाली. ताटली कुरकुरत वळली, आकाशात आपला उपग्रह शोधून थांबली. रेंजताईने ताटलीची वायर थेट फोनला जोडून कंट्रोल रूमला फोन लावला. नेहमीचाच ऑपरेटर होता, निवृत्तीला टेकलेला, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारा.

"ताई! बरं झालं लागला. सकाळपासून खुर्ची सोडली नाही मी. दादांना द्या, त्यांच्या तोंडून ऐकतो आणि लाइन बंद करतो."

"पण परमिट दिलंत ना तुम्ही?"

"मी? नाही बुवा. तुमच्या फोनची तर वाट बघतोय."

"दुसऱ्या कोणी दिलं असेल. कोणी नवीन आलंय ना?"

"इथे मी एकटा आहे, ताई." तो खाकरला नाही. "समोर लाल दिवा आहे. लाइन चालू आहे. सकाळपासून एकदाही बंद झालेली नाही. माझ्या डोक्यावरचा पंखा त्याच लाइनवर फिरतोय."

रेंजताईच्या डोळ्यांपुढे फोटोतला, तारेवर ठेवलेला तो हातमोजा आला.

"बंद करा," ती ओरडली. "ते वर आहेत! आत्ता बंद करा!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. खटका पडला.

"केली," तो म्हणाला. "पंखा थांबतोय."

तिने वायर ओढून काढली. फोन लगेच 'पलीकडे'ला जोडला गेला. दादाचा नंबर लावला. फोन उचलला गेला, पण वारा ऐकू आला नाही. पान्याची टणटण नाही. बंद खोलीत असावी तशी शांतता.

"दादा?"

"ते वर आहेत," एक पुरुषी आवाज म्हणाला. शांत, जरा थकलेला. "वर आहेत ते."

"कोण बोलतंय?"

"लाइन बंद आहे. बंद आहे लाइन."

"तुम्ही कोण? परमिट कोणी दिलं त्यांना?"

"परमिट माझं आहे," आवाज म्हणाला. "माझं आहे परमिट."

आणि फोन बंद झाला.

पुढचं तिला तुटक तुटक आठवतं. काका 'ताई, पायवाट डावीकडे आहे!' असं ओरडत मागून येत होते. गवत ओलं होतं आणि ती दोनदा घसरून पडली. धुक्यात दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. भाजलेल्या हातांचा तो माणूस तिला आठवत होता, दवाखान्यात कोपरं उशीवर ठेवून बसलेला. वहिनीला काय सांगायचं, कोणत्या शब्दांनी सुरुवात करायची, हे ती पळता पळता जुळवत होती आणि पहिल्या शब्दापुढे तिला जाताच येत नव्हतं.

मग खालून हसण्याचा आवाज आला.

टॉवरच्या पायथ्याशी गँग गोल करून बसली होती. डबे उघडे होते. गँगमधला सगळ्यात उंच लाइनमन, ज्याला सगळे जिराफ म्हणत, कसलीशी नक्कल करत होता आणि बाकीचे हसत होते. दादा हेल्मेट मांडीवर घेऊन पाणी पीत होता. तिला पाहून त्याने बाटली खाली केली.

"हे काय? तुझं डबडं सोडून तू कशाला आलीस?"

रेंजताईने त्याचे दोन्ही हात धरले. उलटे केले, सुलटे केले. बोटं दाबून पाहिली. हात गरम होते, खरखरीत होते, मळलेले होते, भावाचे होते. तिचा जीव भांड्यात पडला आणि पडताना असा आवाज झाला की जिराफसुद्धा गप्प झाला. ती रडत होती आणि रडता रडता दादाच्या दंडावर बुक्क्या मारत होती.

"अगं, अगं! झालं काय?"

"लाइन चालू होती, दादा."

"कुठली?"

"हीच. सकाळपासून. मी आत्ता बंद करून घेतली."

दादाने वर तारेकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि लहान मुलाला समजवावं तसा बोलला. "चालू असती तर आम्ही डबा खायला उरलो असतो का? परमिट मिळाल्यावरही मी तारेला टेस्टरची काठी लावली. गप्प होती. काठी बिघडलेली नाही, हे बघ." त्याने काठीचं बटण दाबलं, काठी किंचाळली. "मग दोन्हीकडे तार जमिनीशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या साखळ्या लावल्या. चालू लाइनला साखळी लावली असती तर धमाका शहरात ऐकू गेला असता. तुझ्या ऑपरेटरचा दिवा बिघडला असेल."

"आणि त्याचा पंखा?"

दादाने काठी पिशवीत ठेवली. "काम आटोपलंय," तो म्हणाला. "साखळ्या काढल्या. सगळे खाली आहेत, सगळे धड आहेत. आता पंखा फिरत होता की नव्हता याच्याशी मला काय करायचंय?"

आणि खरंच, त्या घटकेला तिलाही काही करायचं नव्हतं. काका धापा टाकत पोचले, दादाला पाहून मटकन खाली बसले. जिराफने त्यांना पाणी दिलं. कोणीतरी रेंजताईपुढे डबा सरकवला. भूक लागल्याचं तिला घास तोंडात गेल्यावर कळलं. माणसं एकमेकांच्या पाठीवर उगाचच थापा मारत होती. जो तो स्वतःचे तळवे बघून घेत होता आणि दुसऱ्याने पाहिलं की हात मांडीला पुसत होता. दादाने वहिनीला फोन लावला. "काम झालं. येतोय संध्याकाळपर्यंत. हो, जेवलो. अगं, काही नाही, सहज केला." फोनमधून वहिनीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "किती स्पष्ट येतंय हो! शेजारी बसून बोलल्यासारखं."

दादाने फोन ठेवला आणि त्याकडे जरा वेळ पाहत राहिला.

धुकं आता विरळ झालं होतं आणि त्याचं दंव टॉवरवर जमलं होतं. टॉवरच्या एका पायाला चढण्यासाठी डाव्या-उजव्या लोखंडी खुंट्या असतात. पायथ्यापासून माथ्यापर्यंत प्रत्येक खुंटीखाली थेंबांची ओळ लटकली होती. वारा पडला होता. एकही थेंब हलत नव्हता.

"भरा सामान," दादा म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नंबर नव्हता. रेंजताईने मानेने नको म्हटलं. पण परमिट ज्याच्याकडून घेतलं त्याला परत केल्याशिवाय दादा आजवर कुठल्या टॉवरखालून हलला नव्हता. त्याने फोन मोठ्या आवाजावर टाकून सगळ्यांच्या मध्ये धरला.

"काम झालं का?" तोच आवाज. "झालं का काम?"

"झालं," दादा म्हणाला.

"साखळ्या काढल्या? काढल्या साखळ्या?"

"काढल्या."

"सगळे उतरले? उतरले का सगळे?"

दादाने एकेकाच्या हेल्मेटवर बोट टेकवून माणसं मोजली. काकांनाही मोजलं, बहिणीलाही. "उतरले," तो म्हणाला. "परमिट परत करतोय."

फोनमध्ये शांतता होती. बंद खोलीतली.

"थांबा," आवाज म्हणाला. "एक जण वर आहे. वर आहे एक जण."

सगळ्यांनी वर पाहिलं.

माथ्यावर कोणी नव्हतं. लोखंड, धुकं आणि नव्या चकत्या.

जिराफ काहीतरी बोलायला गेला. दादाने हात वर करून त्याला थांबवलं.

अगदी वरच्या खुंटीखालचे थेंब गळून पडले. सगळे एकदम, कोणी खुंटीवर भार टाकावा तसे.

मग त्याखालच्या खुंटीचे.

मग त्याखालच्या.

डावीकडची खुंटी, उजवीकडची खुंटी. डावी, उजवी. घाई नव्हती. दिवसभर काम करून दमलेला माणूस उतरतो, त्या चालीने. मध्ये एका ठिकाणी तो थांबला, पट्टा सोडवून खाली अडकवायला थांबतात तेवढाच वेळ. मग पुन्हा डावी, उजवी.

कोणी पळालं नाही. काकांनी डोळे मिटले नाहीत. रेंजताईने दादाची बाही धरली होती, आणि नवल म्हणजे, तिच्या मनात भीती नव्हती. ती मनातल्या मनात म्हणत होती, 'जपून. जपून उतर.' खुंटी खाली येत गेली तशी तिची छाती मोकळी होत गेली.

सगळ्यात खालच्या खुंटीचे थेंब गळले.

दादा तिला घेऊन दोन पावलं मागे सरकला. शेवटच्या माणसाला जमिनीवर पाय ठेवायला जागा लागते, तेवढीच.